घोड्याजवळ उभें राहण्याची जागा

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊं नये, असें आपल्याकडील वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. या म्हणींतील साहेबाचा भाग कालमानानें थोडा जुना झाला असेल. घोड्याचा भाग मात्र आजहि अक्षरशः खरा आहे. अगदीं मागें उभ्या राहिलेल्या माणसास घोडा पाहूं शकत नाहीं, आणि जें दिसत नाहीं पण ज्याची चाहूल लागते त्यावर लाथ झाडणें हा त्याचा स्वसंरक्षणाचा उपाय होय. जुन्या काळच्या पागेंत घोडें अगाडी-पिछाडीनें बांधलेलें असे. अगाडीची दोरी पुढून, पिछाडीची मागील पायांस. त्या आवारांत वावरणारे मोतद्दार, नालबंद, चाबूकस्वार हे लहानपणापासून घोड्यांतच वाढलेले असत. कोठें उभें राहावें हें त्यांस कोणी सांगावें लागत नसे. पागेंत सहज हिंडावयास येणारा पाहुणा देखील बहुधा स्वतःच स्वार असे.

अलीकडच्या काळांत एका निराळ्याच जातीचा तबेला जगांत निघाला आहे. तेथें घोडा युद्धाकरितां नाहीं, शर्यतीकरितां नाहीं, ओझ्याकरितांहि नाहीं. तो आहे उपचाराकरितां. पोलिओनें पाय गेलेला मुलगा, मेंदूच्या विकारानें ज्याचे स्नायु ताठले आहेत असें बालक, चारचौघांत बोलण्यास न धजणारी मुलगी, युद्धांत अवयव गमावलेला शिपाई, अशीं माणसें तेथें घोड्यावर बसविलीं जातात. त्यांच्याबरोबर आई असते, आजी असते, धाकटा भाऊ असतो, शाळेंतील बाई असतात. शिवाय नुसते पाहण्यास आलेले चार लोकहि असतात. यांपैकीं पुष्कळांनीं घोडा जवळून कधीं पाहिलेलाच नसतो. आपली म्हण त्यांना ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असली तरी झट्‌दिशीं बाजूस होण्याची शक्ति कित्येकांच्या पायांत नाहीं. पागेचें सारें जुनें शहाणपण ज्या चपळ माणसास गृहीत धरून चाललें होतें, तो माणूसच येथें नाहीं. मग अशा ठिकाणीं येणाऱ्या-जाणाऱ्याची सुरक्षितता राखावयाची कशी? जुन्या पागेनें घोडा बांधला होता. उपचाराच्या तबेल्यानें माणसांच्या जागा बांधून दिल्या. हा फरक कसा घडून आला, त्याचा हा इतिहास आहे.

या इतिहासाचें पहिलें पान ग्रीस देशांत सांपडतें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत झेनोफन नांवाच्या सेनानीनें अश्वारोहणावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. सायमन नांवाच्या दुसऱ्या एका जाणत्यानें त्याच्याहि पूर्वीं या विषयावर लिहिलें होतें, हें झेनोफन स्वतःच मोकळेपणानें सांगतो. झेनोफनाचें पुस्तक मुख्यतः स्वारासाठीं आहे. परंतु त्यांतील मोतद्दाराविषयींचा भाग वाचला म्हणजे आजच्या उपचाराच्या तबेल्यांतील नियमांची पाटीच आपण वाचीत आहों कीं काय, असा भास होतो. घोड्याजवळ अगदीं समोरून जाऊं नये, अगदीं मागूनहि जाऊं नये. या दोन्ही ठिकाणीं माणसापेक्षां घोड्याचें बळ अधिक चालतें, म्हणून बाजूनें जावें. खरारा करतांना घोड्याच्याच दिशेस तोंड करून उभें राहिल्यास त्याचा गुडघा किंवा खूर तोंडावर बसण्याचें भय असतें. यासाठीं खांद्याजवळ, पायाच्या टप्प्याबाहेर, शेपटीकडे तोंड करून काम करावें. लगामाशिवाय घोडा बाहेर काढावयाचा झाल्यास त्याच्या तोंडास मुसकें घालावें. रागाच्या भरांत घोड्याशीं कधींहि वागूं नये. हें सगळें तो मोठ्या शांतपणें, एखाद्या अनुभवी गृहस्थानें पुतण्यास सांगावें तसें सांगतो.

घोडा चालवीत नेण्यासंबंधीं त्याचें म्हणणें तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आपण पुढें आणि घोडा मागें, अशा रीतीनें नेल्यास माणसास स्वतःचें रक्षण करतां येत नाहीं व घोड्यास मात्र हवी ती मोकळीक मिळते. घोडा पुढें आणि आपण लांब दोरी धरून मागें, असें नेल्यास तो दोहों बाजूंस खोड्या करूं शकतो, आणि उलटून नेणाऱ्याच्या समोरहि उभा राहूं शकतो. म्हणून घोड्यास बाजूनें नेण्याची संवय लावावी; त्यायोगें इतर घोड्यांस आणि माणसांस सर्वांत कमी इजा होते. तेवीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी या वाक्यांत फिरवण्यासारखें कांहीं निघालेलें नाहीं. आणखीहि एक गोष्ट झेनोफन सांगतो. शिंगरास गर्दींतून हिंडवावें, निरनिराळीं दृश्यें दाखवावींत, निरनिराळे आवाज ऐकवावेत. आणि तें एखाद्या वस्तूस भ्यालें, तर मारझोड न करतां ती वस्तु भयंकर नाहीं हें त्यास हळूहळू पटवून द्यावें. या उपदेशाचा उपयोग पुढें चाकांची खुर्ची आणि कुबड्या यांच्या बाबतींत व्हावयाचा होता, याची त्या ग्रीक सेनानीस कल्पना असण्याचें कारण नाहीं.

आपल्या देशांत कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत प्रत्येक घोड्यास वेगळें ठाण, बसावयास गुळगुळीत फळ्यांची जमीन, खाण्याचा कोठा आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय सांगितली आहे. घोड्या, वळू आणि शिंगरें यांस एकमेकांपासून दूर ठेवावें, असेंहि त्यांत आहे. अश्वशाळेंत वानर, मोर, हरिण, मुंगूस, चकोर, पोपट आणि मैना पाळावींत, असें जें कौटिल्य म्हणतो त्याचा हेतु विष आणि सर्प यांची सूचना वेळेवर मिळावी हा असावा. तबेल्याची बला वानराच्या शिरीं जाते अशा अर्थाची जी म्हण हिंदी भाषेंत आहे, ती याच वानरामुळें पडली असेल तर नवल नव्हे. तें असो. कौटिल्याची सारी काळजी घोड्याची आहे. अश्वशाळेंत येणाऱ्या परक्या माणसास घोड्यापासून इजा होईल, हा प्रश्न त्याच्यापुढें उभाच राहिला नाहीं. कारण राजाच्या अश्वशाळेंत परक्या माणसाचें कामच नव्हतें.

घोडा बुजतो कां, हें कळल्याशिवाय पुढील हकीकत नीट उमगणार नाहीं. निसर्गानें घोड्यास शिंगें दिलीं नाहींत. पळून जाणें हेंच त्याचें मुख्य शस्त्र होय. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्यास आपल्या भोवतालचा जवळजवळ सगळा प्रदेश दिसतो; ३६० अंशांच्या वर्तुळांतील सुमारें ३५० अंश. जो थोडासा भाग दिसत नाहीं तो नेमका शेपटीमागें असतो, आणि दुसरा लहानसा भाग कपाळाच्या अगदीं समोर. नवशिका पाहुणा या दोनच जागा निवडतो! प्रेमानें कपाळ थोपटावयास तो सरळ समोरून हात पुढें करतो, आणि परततांना जवळचा रस्ता म्हणून मागून जातो. घोड्याचे कान स्वतंत्रपणें फिरतात, आणि मनुष्यास ऐकूं न येणारे फार उंच स्वरहि त्यास ऐकूं येतात. ज्या घोड्याचे कान मागें चिकटले आहेत त्याच्याजवळ जाऊं नये, एवढें एक लक्षण जरी पाहुण्यास कळलें तरी पुष्कळ काम होतें.

घोडा माणसाच्या शरीराकडे किती बारकाईनें पाहतो, याचा एक प्रसिद्ध दाखला जर्मनींत घडला. बर्लिन येथें फॉन ऑस्टेन नांवाचे एक सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांनीं आपल्या हान्स नांवाच्या घोड्यास गणित शिकविल्याचा बोलबाला झाला. प्रश्न विचारावा, आणि हान्सनें खूर आपटून उत्तराचा आंकडा सांगावा! १९०४ सालीं विद्वानांची एक समिति चौकशीस बसली. तिला लबाडी कोठेंच आढळली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें धीरानें प्रयोग करून १९०७ सालीं खरा प्रकार उघडकीस आणला. विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसलें, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असला, म्हणजे हान्सचें गणित चुके. घोडा मोजीत नव्हता. बरोबर आंकडा येतांच विचारणाऱ्याचें डोकें नकळत जें किंचित् हाले, तें तो पाहत होता. गुरुजींचा हिरमोड झाला असेल, पण अश्वशास्त्राचा मोठा लाभ झाला. जो प्राणी डोक्याची इतकी सूक्ष्म हालचाल टिपतो, त्याच्यासमोर घाबरलेल्या आईनें अकस्मात् हात उंचावले तर तो स्वस्थ राहील, अशी अपेक्षा कशी करावी?

आतां मुख्य कथेकडे वळूं. डेन्मार्क देशांत लिस हार्टेल नांवाची एक तरुण स्त्री उत्तम घोडेस्वार होती. १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, गरोदर असतांना तिला पोलिओनें गांठलें. मूल सुखरूप जन्मास आलें, परंतु आईचें शरीर लुळें पडलें. पुष्कळ परिश्रमानें तिनें हातापायांची बरीच शक्ति परत मिळविली. गुडघ्यांखालचे पाय मात्र कायमचे गेले. वैद्यांचा सल्ला धुडकावून ती पुन्हां घोड्यावर बसूं लागली. चढवितांना आणि उतरवितांना तिला दुसऱ्याचा आधार लागे. एकदां खोगिरावर बसली म्हणजे मात्र टांचेची खूण न देतां, केवळ शरीराच्या भारानें व पाठीच्या हालचालीनें ती घोड्यास आपला मनोदय कळवी. १९५२ सालीं हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत शिक्षित घोड्याच्या चालींची जी स्पर्धा असते, तीत प्रथमच स्त्रियांस प्रवेश मिळाला. तोंवर ती स्पर्धा लष्करी अधिकाऱ्यांचीच होती. या स्पर्धेंत जुबिली नांवाच्या आपल्या घोडीवर बसून हार्टेलबाईंनीं रौप्यपदक जिंकलें. सुवर्णपदक मिळविणारे स्वीडनचे सां सीर यांनीं त्यांना आधार देऊन पदक घेण्याच्या चौथऱ्यावर चढविलें, तेव्हां पाहणाऱ्यांस त्यांच्या पायांची अवस्था कळली. चार वर्षांनीं, १९५६ सालीं, त्यांनीं पुन्हां रौप्यपदक पटकावलें.

या घटनेचा परिणाम समजून घेण्यास त्या वर्षाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. त्याच १९५२ सालीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वास घेण्याची शक्ति गेलेल्या रोग्यांस वाचविण्यासाठीं तेथील ब्लेगडाम इस्पितळांत सुमारें पंधराशें विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, हातानें पिशव्या दाबून हवा पुरविली. युरोपांत आणि अमेरिकेंत असें घर विरळा होतें कीं, ज्याच्या ओळखींत लोखंडी पट्ट्यांच्या आधारें चालणारें एकहि मूल नव्हतें. अशा काळांत एका लुळ्या पायांच्या स्त्रीनें घोड्यावर बसून पदक मिळविलें! घोड्याच्या पाठीवर बसलें असतां माणसाची कंबर चालतांना जशी हालते तशीच हालते, हें फिजिओथेरपी करणाऱ्यांच्या ध्यानांत येऊं लागलें होतेंच. ठिकठिकाणीं कोणी एखादें शांत तट्टू मिळवून मुलांस बसवूं लागलें. इंग्लंडांत अशा मंडळींची एक सल्लागार समिति झाली, आणि १९६९ सालीं तिचें रूपांतर अपंगांच्या अश्वारोहणाच्या राष्ट्रीय संघांत झालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत, मिडलबर्ग गांवच्या एका खानावळींत जमून उत्तर अमेरिकेचा संघ स्थापन करण्यांत आला. १९७० सालीं जर्मनींत तसेंच मंडळ निघालें. १९७४ सालीं पॅरिस येथें या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अवघ्या पांच-सहा वर्षांत एवढा पसारा झाला.

पसारा झाला, तसा धोकाहि वाढला. एका हौशी बाईनें आपलें एकच तट्टू आणि शेजारचीं दोन मुलें घेऊन उपचार चालविणें निराळें, आणि दर आठवड्यास शाळेची गाडी भरून मुलें येऊं लागणें निराळें. तट्टू म्हटलें तरी त्याचें वजन तीन-चारशें किलो भरतें. बसणाऱ्या मुलास तोल जाऊं लागल्याचें वेळेवर कळत नाहीं. कळलें तरी हात पुढें करून पडतां येत नाहीं. आणि पडल्यावर खुरांपासून दूर सरकतां येत नाहीं. साधा स्वार पडला तर उठून अंग झटकतो. या मुलाच्या बाबतींत तसें म्हणून चालत नाहीं. संघांनीं जे नियम केले ते या मुलाकडे पाहून केले, आणि म्हणूनच ते साध्या रपेटीच्या शाळेंतील नियमांहून वेगळे झाले.

त्या नियमांचा गाभा म्हणजे तीन माणसांची योजना. ज्यास आधाराची पूर्ण गरज आहे अशा एका स्वाराबरोबर तिघे जण चालतात. एक घोडा धरणारा. तो झेनोफनानें सांगितलेल्या जागींच, घोड्याच्या डोक्याच्या आणि खांद्याच्या मध्यें, बाजूस असतो. दोघे स्वाराच्या दोन अंगांस. आतां यांतील खरी खुबी अशी कीं, या तिघांच्या केवळ जागाच नव्हे, तर लक्षहि वांटून दिलेलें आहे. घोडा धरणाऱ्यानें फक्त घोडा पाहावयाचा. मूल गोड हंसलें म्हणून मागें वळून पाहावयाचें नाहीं. बाजूच्या दोघांनीं फक्त स्वार पाहावयाचा. घोडा बुजला, तर धरणारा घोड्याबरोबर राहतो आणि बाजूचे स्वाराबरोबर राहतात. दोघांनीं एकाच वेळीं हात काढावयाचा नाहीं. एकाचा दंड भरून आला तर घोडा थांबवून, एकामागून एक बदली करावयाची. स्वाराच्या मांडीवरून हात टाकून खोगिराची पुढील कड धरणें ही नेहमींची पकड. त्या हाताचा भार मात्र घोड्यावर किंवा मुलावर पडतां कामा नये. शिक्षिका रिंगणाच्या मध्यें उभी असते. घोडा खरोखर आवरेनासा झाला, तर स्वारास खालीं काढण्याची आज्ञा तिनेंच द्यावयाची. मग एक जण मुलाचे पाय रिकिबींतून सोडवितो व दुसरा त्यास उचलून घोड्यापासून दूर नेतो. याची रंगीत तालीम वेळोवेळीं करून घेतात. हीं तिघे बहुधा स्वयंसेवक असतात. कोणी दुकानदार, कोणी गृहिणी, कोणी महाविद्यालयांतील मुलगी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मोतद्दाराचें ज्ञान त्यांच्यापाशीं नसतें, म्हणून तें ज्ञान नियमाच्या रूपानें लिहून काढावें लागलें.

या योजनेबद्दल मतभेद झाले नाहींत असें नव्हे. स्वाराच्या कमरेस मुठींचा पट्टा बांधून बाजूच्या माणसांनीं तो धरावा, ही रीति पुष्कळ वर्षें चालली. पुढें असें दिसून आलें कीं, पट्टा धरणारा माणूस दचकला म्हणजे तोच मुलास खालीं ओढतो, आणि मुलाचा स्वतःचा तोल तर सुधारतच नाहीं. पट्टे कमी झाले. स्वारास खोगिराशीं बांधून टाकावें, ही कल्पना भोळ्या माणसास प्रथम सुचते. ती निक्षून वर्ज्य मानली जाते. बांधलेला स्वार घोड्याबरोबर कोसळतो, घोड्याबरोबर फरफटत जातो. पाय अडकूं नये म्हणून एका बाजूस रबरी कडें असलेल्या, ओढ बसतांच सुटणाऱ्या रिकिबी आल्या. पाऊल आरपार जाऊं नये म्हणून पुढून चामड्यानें झांकलेल्याहि आल्या. डोक्यावर कठीण कवचाची टोपी आणि हनुवटीखालीं पट्टा हा नियम उपचाराच्या तबेल्यांत अगदीं सक्तीचा झाला. इंग्लंडांत तर १९९० च्या कायद्यानें, चौदा वर्षांखालील कोणत्याहि मुलानें रस्त्यावर घोड्यावर बसतांना अशी टोपी घातलीच पाहिजे असें ठरलें.

एवढें सगळें झालें तें बसणाऱ्यासाठीं. उरला तो कठड्यापाशीं उभा असलेला पाहुणा. रिंगणांत प्रत्येकास जागा आहे, याला नाहीं. घोड्यास कुबड्यांची संवय लावलेली आहे, चाकांच्या खुर्चीची लावलेली आहे, रंगीत चेंडू आणि घंटा यांचीहि लावलेली आहे. झेनोफनाचा उपदेश येथें शब्दशः पाळला जातो. पण ज्या छत्रीची संवय लावलेली नाहीं ती नेमकी पाहुण्यानें आणलेली असते, आणि ती नेमकी घोडा जवळून जातांना उघडली जाते. धाकटा भाऊ कठड्याखालून आंत शिरतो. कोणी पाळीव कुत्रें बरोबर आणतो. कोणी खिशांतून साखरेचा खडा काढून तळहातावर धरतो. त्या दिवसापासून तें तट्टू प्रत्येक हातास तोंड घालूं लागतें, आणि पुढच्या आठवड्यांत ज्या मुलास हात मागें घेतां येत नाहीं त्याच्या बोटांस दांत लागतात. यांत घोड्याचा दुष्टपणा नाहीं आणि पाहुण्याचाहि नाहीं.

म्हणून अशा तबेल्यांनीं पाहुण्यालाहि जागा नेमून दिली. घोड्यांचा रस्ता आणि माणसांचा रस्ता निराळा केला. पाहणाऱ्यांनीं अमुक कठड्यामागेंच बसावें, घोडा आणण्यासाठीं किंवा चढविण्यासाठीं ओटा आहे तेथें रिकामा माणूस नसावा, पायांत पुढून बंद जोडा असावा, धांवूं नये, ओरडूं नये, घोड्यास हातानें कांहींहि देऊं नये, ठाणांत डोकावूं नये. कुत्रें फाटकाबाहेर. हे नियम वाचतांना रुक्ष वाटतात. पण त्यांतला एक नियम पाळणें फार कठीण जातें, आणि तो आईच्या वाट्यास येतो. आपलें मूल, जें कधीं आपणहून उभें राहिलें नाहीं, तें आपल्या डोक्यापेक्षां उंचावर, जिवंत जनावराच्या पाठीवर, मान ताठ करून चाललें आहे. आईनें कठड्यामागें स्वस्थ बसावयाचें आहे. नांवानें हांक मारावयाची नाहीं, कारण हांक ऐकतांच मूल अंगासकट वळतें. मूल एका बाजूस कललें तरी धांवत जावयाचें नाहीं. तें काम बाजूच्या परक्या मुलीचें आहे. कित्येक आयांना हें अपमानास्पद वाटतें. वर्षानुवर्षें ज्यांनीं त्या मुलास दुसऱ्याच्या हातीं दिलें नाहीं, त्यांना परका माणूस नियम दाखवितो! जेथें शिक्षिका शहाणी असते तेथें ती आईला आधीं स्वतः बाजूनें चालावयास शिकविते, आणि मग कठड्यामागें बसविते. निव्वळ पाटीवर हें भागत नाहीं.

काळजीचा अतिरेकहि होऊं शकतो, आणि त्याचेंहि एक उदाहरण या इतिहासांत आहे. डाउन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जन्मजात अवस्थेंतील कांहीं मुलांच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर सैल असतात. मज्जारज्जूस धक्का बसेल या भीतीनें १९८३ सालीं स्पेशल ऑलिंपिक संस्थेनें असा दंडक घातला कीं, अशा मुलांच्या मानेचें क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय त्यांना अश्वारोहण आणि दुसरे कांहीं खेळ खेळूं देऊं नयेत. १९९५ सालीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या अकादमीनें मात्र असें मत दिलें कीं, या चित्रापासून धोका खरोखर ओळखतां येतो हें सिद्ध झालेलें नाहीं. चालण्यांत किंवा हातापायांच्या शक्तींत होणारे बदल नीट पाहणें अधिक महत्त्वाचें. पण आकाशांत उंच बसून रिंगणाची एक फेरी मारण्यांत ज्या मुलाचा आठवड्यांतील सर्व आनंद सांठविलेला आहे, त्यास नुसत्या कागदावरून घरीं बसविणें सोपें नसतें. न बसविणेंहि सोपें नसतें.

कायद्यानें या बाबतींत काय केलें, तें थोडक्यांत सांगतां येईल. इंग्लंडांत १९६४ च्या कायद्यानें भाड्यानें घोडीं देणाऱ्या आणि रपेट शिकविणाऱ्या तबेल्यांस स्थानिक संस्थेचा परवाना लागूं लागला. १९७० च्या दुरुस्तीनें तीन वर्षांचें किंवा त्याहून लहान घोडें अशा कामास लावणें बंद झालें, आणि इजा झालेल्यांच्या भरपाईसाठीं विमा सक्तीचा झाला. या तरतुदींची जागा इंग्लंडपुरती २०१८ च्या नियमांनीं घेतली. अमेरिकेचा मार्ग उलटा. तेथें नुकसानभरपाईच्या खटल्यांनीं तबेलेवाले त्रस्त झाले होते. १९८९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें प्रथम असा कायदा केला कीं, घोड्याच्या स्वभावांतच जे धोके आहेत त्यांपासून झालेल्या इजेस तबेल्याचा चालक सामान्यतः जबाबदार नाहीं. मागोमाग बहुतेक राज्यांनीं तसेच कायदे केले. आवाज, अकस्मात् हालचाल, अनोळखी वस्तु, अनोळखी माणूस आणि दुसरें जनावर यांमुळें घोडा काय करील याचा नेम नाहीं, असें हे कायदे स्पष्ट शब्दांत सांगतात. अनेक राज्यांत अशी सूचना पाटीवर लावण्याची सक्ति आहे. कित्येक ठिकाणीं तर अक्षरें काळीं आणि निदान एक इंच उंच असलीं पाहिजेत, इथपर्यंत बारकावा आहे. ही पाटी अर्थात् पाहुण्यास सावध करते. परंतु तिची मुख्य नेमणूक चालकाच्या रक्षणासाठीं आहे, हें विसरून चालणार नाहीं. एक इंचाचीं अक्षरें वाचून कोणी घोड्याच्या मागून जाण्याचें टाळील, हा भरंवसा कायदा करणाऱ्यांसहि फारसा नसावा.

तबेल्याच्या मातींतून येणारा धोका निराळा. घोड्याच्या लिदींत आणि तेथील मातींत धनुर्वाताचे जंतु राहतात. म्हणून लहानशी जखमहि धुऊन टाकावी, लस घेतलेली असावी, आणि घोड्यास हात लावल्यावर जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावेत. विलक्षण योगायोग असा कीं, ज्या प्राण्याच्या ठाणांत हे जंतु सांपडतात, त्याच प्राण्याच्या रक्तापासून धनुर्वातावरचें प्रतिविष पुष्कळ वर्षें तयार करण्यांत येत असे.

आपल्याकडे घोड्याशीं अनोळखी माणसाची गांठ पडते ती विशेषेंकरून माथेरानसारख्या ठिकाणीं. तेथें मोटारींस बंदी असल्यामुळें पाहुणे घोड्यावर बसतात, आणि घोडेवाला पायीं बाजूनें चालतो. घोड्याच्या डोक्याशीं, लगामाजवळ. झेनोफनाचें नांव त्यानें ऐकलें नसेल. पण घोडा आपल्या मागें ठेवून तो चालत नाहीं, आणि पाहुण्याच्या मुलास घोड्याच्या मागून जाऊं देत नाहीं. हें ज्ञान त्याला वाडवडिलांकडून मिळालेलें असतें. परक्या देशांत जें पुस्तकांत लिहून, परीक्षा घेऊन स्वयंसेवकांस शिकवावें लागलें, त्याचा एक मोठा हिस्सा सह्याद्रीच्या या वाटांवर तोंडीं नांदत आहे. आपल्याकडे उपचारासाठीं जेथें जेथें घोडा वापरावयाचा असेल, तेथें बाजूनें चालणारीं दोन माणसें नव्यानें शिकवून तयार करावीं लागतील. घोडा धरणारा मात्र बाहेरून आणण्याचें कारण नाहीं.

फेरी संपली म्हणजे घोडा ओट्याशीं उभा करतात. घोडा धरणारा आतां त्याच्या समोर, किंचित् बाजूस उभा राहतो. प्रथम मुलाचे दोन्ही पाय रिकिबींतून मोकळे होतात, मग मूल उतरतें, मग चाकांची खुर्ची मागें ओढली जाते, आणि तोंवर घोड्यास पाऊल उचलूं देत नाहींत. मुलाला घोड्यास खाऊ द्यावासा वाटतोच. मग गाजराचे तुकडे बादलींत घालून ती बादली घोड्यापुढें धरतात, आणि मुलाचा हात बादलीच्या बाहेरच्या अंगास ठेवतात.